नकाशातील कोरी जागा

सर्व्हे ऑफ इंडियाने एका इंचास एक मैल या प्रमाणात काढलेले जुने नकाशे भूगोलाच्या तासापुरतेच आहेत, असा समज आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. तांबड्या रंगात घरे, पिवळ्यात लागवड, निळ्यात पाणी, तपकिरी रेषांत चढउतार. एवढ्यावरून विहिरी कोठे दाटल्या, शेती कोठवर पोचली, पायवाटा कोणत्या गावाकडे वळल्या, हे वाचता येते.

परंतु जेथे रंगच नाही, तेथे काय? नकाशाच्या लेखी ती लागवडीवाचूनची जमीन. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचणारास मात्र ठाऊक असते की, माणदेशातील धनगराचा संसार अशाच माळावर चालतो. मेंढरे चरतात ती जागा नकाशात कोरी राहते. दुष्काळात वाडी उठून जाते, तेही त्यावर उमटत नाही. समासात छापलेल्या मोजणीच्या सालापुरताच तो साक्षी.

म्हणून नकाशा टाकाऊ ठरत नाही. माळ किती, पाणी किती दूर, हे त्याच्याकडूनच कळते, आणि मग कादंबरीतील माणसांचे जाणे अटळ का होते तेही उमगते. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत ही भूमीची बाजू फारशी येत नाही, ही उणीव आम्हांस जाणवते. 'बनगरवाडी'चा निवेदक शिक्षकच आहे. आमच्या शिक्षकमित्रांनी ती शिकविताना शेजारी असा नकाशा पसरावा, आणि विद्यार्थ्यांस प्रथम कोऱ्या जागेवर बोट ठेवावयास सांगावे.