डेटनचा खटला आणि त्याचे नाटक

काही नाटके अशी असतात, की ती पाहून प्रेक्षक घरी परततो तो स्वतःवरच खूश होऊन. आपण शहाणे आहोत आणि रंगमंचावर आरडाओरडा करणारी ती मंडळी अडाणी आहेत, ही जाणीव मोठी सुखाची असते. जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ली या जोडीचे 'इन्हेरिट द विंड' हे अमेरिकन नाटक अशा नाटकांत अग्रगण्य मानावे लागेल. १९५५ च्या जानेवारीत ते डॅलस येथे प्रथम रंगभूमीवर आले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले, आणि १९६० साली स्टॅन्ली क्रेमर यांनी त्यावर बोलपट काढला. स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेडरिक मार्च या दोन कसलेल्या नटांची त्यातील जुगलबंदी ज्यांनी पाहिली असेल, ते ती सहसा विसरणार नाहीत. मीही विसरलेलो नाही. तरीसुद्धा या नाटकाविरुद्ध माझी एक तक्रार आहे. उत्क्रांतीला एवढा भरभक्कम पुरावा असताना कित्येक माणसे ती का नाकारतात, या प्रश्नाचे जे उत्तर हे नाटक आपल्या हाती ठेवते, ते फार सोपे आणि, माझ्या मते, खोटे आहे.

प्रथम कथानक पाहू. हिल्सबरो नावाचे एक लहानसे गाव. तेथील तरुण शिक्षक बर्ट्रम केट्स वर्गात डार्विनचा सिद्धांत शिकवतो, म्हणून त्याला तुरुंगात टाकतात. त्याच्यावर खटला चालवावयास मॅथ्यू हॅरिसन ब्रेडी हा नामांकित पुढारी येतो, बचावासाठी हेन्री ड्रमंड हा वकील येतो, आणि वृत्तपत्राचा तिरकस बातमीदार हॉर्नबेक हे सारे कडेला उभा राहून चिमटे काढीत पाहतो. गावकरी भजने गातात, शिव्याशाप देतात. शेवटी ड्रमंड खुद्द ब्रेडीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि उलटतपासणीत त्याचे पार हसे करून टाकतो. ब्रेडी कोर्टातच कोसळतो आणि मरतो. शहाणपणाचा जय, अडाणीपणाचा पराजय, पडदा.

या कथेमागे एक खरा खटला आहे, हे सर्वश्रुत आहे. १९२५ च्या मार्चमध्ये टेनेसी राज्याने एक कायदा केला, की सरकारी शाळांत माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शिकवावयाचे नाही. जुलैत डेटन गावी जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर त्या कायद्याखाली खटला चालला. फिर्यादी पक्षाकडे विल्यम जेनिंग्ज ब्रायन आणि बचावाकडे क्लॅरेन्स डॅरो. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. पुढे १९२७ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो एका तांत्रिक मुद्द्यावर रद्द केला. कायदा मात्र १९६७ पर्यंत जिवंत होता.

पण खऱ्या डेटनमध्ये स्कोप्स तुरुंगात गेलाच नव्हता. हा कायदा न्यायालयात तपासून पाहण्यासाठी कोणी शिक्षक मिळेल काय, अशी जाहिरात एका नागरी हक्क संघटनेने वृत्तपत्रांतून दिली होती. ती वाचून गावच्या काही व्यापारी मंडळींनी औषधांच्या दुकानात बैठक भरवली. खटला आपल्याकडे झाला तर गावाचे नाव होईल, चार पैसे येतील, असा त्यांचा हिशेब. त्यांनी स्कोप्सला बोलावून घेतले आणि तो तयार झाला. हॉर्नबेकचे पात्र ज्याच्यावरून बेतले, त्या मेंकेन या पत्रकारालासुद्धा ते गाव अपेक्षेपेक्षा बरे वाटले होते, आणि तसे त्याने लिहिलेही. ब्रायन कोर्टात मेला नाही; निकालानंतर पाच दिवसांनी, रविवारी दुपारी झोपेत त्याचा अंत झाला.

नाटककाराला इतिहासाची मोडतोड करण्याचा अधिकार आहे. शिवाय आपण इतिहास लिहीत नाही, असे या लेखकद्वयाने आरंभीच बजावले आहे. मॅकार्थीच्या त्या दिवसांत विचारस्वातंत्र्याची जी गळचेपी चालली होती, तिच्यावर त्यांना बोट ठेवावयाचे होते आणि उत्क्रांती हे केवळ निमित्त होते. हे मान्य करूनही म्हणावे लागते, की लोकांच्या मनात आज डेटनचा खटला म्हणून जे चित्र आहे, ते या नाटकाने रंगवलेले आहे. या चित्रातून नेमकी एकच गोष्ट गळाली आहे: ब्रायनचे म्हणणे.

हा ब्रायन कोण होता? तीन वेळा, १८९६, १९०० आणि १९०८ साली, तो अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पडला. शेतकरी आणि मजूर यांचा तो कैवारी. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झटणारा. परराष्ट्रमंत्री असताना, देश युद्धाकडे ओढला जात आहे असे दिसताच, १९१५ साली त्याने राजीनामा दिला. आपल्याला विशेष वाटावे असे म्हणजे १९०६ साली तो हिंदुस्थानात येऊन गेला होता, आणि परत गेल्यावर त्याने इंग्रजी राज्यावर सडकून टीका करणारा लेख लिहिला होता. असा माणूस डार्विनच्या विरुद्ध का उभा राहिला? केवळ अडाणीपणाने? पहिल्या महायुद्धात काही जर्मन अधिकारी बलवानांनी दुर्बळांना चिरडणे हा निसर्गनियमच आहे असे सांगत होते, आणि ते ज्याने ऐकले त्या केलॉग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ साली त्यावर पुस्तक लिहिले. ब्रायनने ते वाचले आणि तो हादरला. डार्विन आला की दया जाते, अशी त्याची समजूत झाली.

ही समजूत निव्वळ भ्रम नव्हती. स्कोप्सच्या शाळेत जे पाठ्यपुस्तक लावले होते, ते हंटरकृत 'सिव्हिक बायॉलॉजी', १९१४ चे. त्यात उत्क्रांती आहे. पण त्याच पुस्तकात मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना शिखरावर बसवले आहे, आणि ज्या कुटुंबांत वेड व गुन्हेगारी चालत येते ती समाजावरची बांडगुळे आहेत, त्यांची प्रजा वाढू देऊ नये, असा उपदेशही आहे. खटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली. त्या काळचे अनेक विद्वान या सुप्रजननाच्या बाजूचे होते. म्हणजे ज्या पुस्तकाची आपण विज्ञानाचा दिवा म्हणून आरती करतो, त्याच्या बुडाशी असा अंधार होता. नाटकात या पुस्तकाचे हे पान कोणी उघडत नाही. उघडले असते, तर प्रेक्षकाला हसता हसता थांबावे लागले असते, आणि नाटकही मोठे झाले असते.

ब्रायन चुकला तो येथे, की एका सत्याचा दुरुपयोग होतो म्हणून ते सत्यच नाकारावे असे त्याने ठरवले. निसर्गात काय घडते हे सांगणे वेगळे आणि माणसाने कसे वागावे हे सांगणे वेगळे. दुर्बळांना वाऱ्यावर सोडणे म्हणजे आपल्यातील सर्वांत उदात्त अंश गमावणे होय, अशा अर्थाचे डार्विननेही १८७१ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. चूक मोठी होती. पण ती भयातून झालेली होती, आणि भय ज्याचे वाटावे असेच होते.

आता आजच्याकडे येऊ. गॅलप संस्था १९८२ पासून अमेरिकेत विचारीत आली आहे, की देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात निर्माण केला असे तुम्हांला वाटते काय? त्या वर्षी शेकडा ४४ लोक 'हो' म्हणाले. २०२४ साली ३७. तेवढ्या अवधीत जीवाश्मांची भर पडली, गुणसूत्रांची लिपी वाचली गेली, शाळा-कॉलेजे वाढली. आकडा मात्र सातानेच घसरला. २०१२ सालच्या दुसऱ्या एका पाहणीत गंमत झाली. माणूस पूर्वीच्या प्राण्यांपासून विकसित झाला, हे खरे की खोटे, असे सरळ विचारले तेव्हा शेकडा ४८ जणांनी 'खरे' म्हटले. तोच प्रश्न 'उत्क्रांतिसिद्धांतानुसार' एवढा एक शब्द आधी घालून विचारला, तेव्हा ७२ जणांनी 'खरे' म्हटले. या दोन आकड्यांतील अंतरात उत्तर दडलेले आहे असे मला वाटते. सिद्धांत काय सांगतो हे त्या मंडळींना ठाऊक असते. पहिला प्रश्न मात्र त्यांच्या कानांना वेगळाच ऐकू येतो: तू कोणाचा?

आणि मौजेची गोष्ट अशी, की हे उत्तर याच नाटकाच्या एका कोपऱ्यात पडलेले आहे. केट्सवर प्रेम करणारी रेचल ही गावच्या पाद्र्याची मुलगी. प्रार्थनासभेत बाप केट्सला शाप देऊ लागतो, तेव्हा ती त्याला विनवते, आणि बाप तिलाही शाप देतो. रेचलला जीवाश्मांची अडचण नाही. तिची अडचण अशी, की एक गोष्ट खरी मानली तर बाप जातो, घर जाते, गाव जाते. आणि त्या क्षणी पाद्र्याचा हात कोण धरतो? ब्रेडी! जो आपल्याच घराला त्रास देतो त्याच्या वाट्याला नुसता वारा येतो, अशा आशयाचे बायबलातील जे वचन नाटकाचे शीर्षक झाले आहे, ते लेखकांनी त्याच्याच तोंडी घातले आहे. माझ्या मते नाटकातील हा सर्वांत खरा प्रवेश. पण लेखकांना कोर्टात जावयाची घाई आहे. रेचल मागे राहते.

घर न सोडता सत्य मानता येते, हे दाखवणारा दुसरा खटला पुढे झाला. त्यावर इतके गाजलेले नाटक निघाले नाही. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळामंडळाने उत्क्रांतीच्या जोडीला 'बुद्धिमान योजने'चा पर्याय मुलांच्या कानावर घालण्याचे ठरवले, तेव्हा अकरा पालक न्यायालयात गेले. त्यांचा प्रमुख साक्षीदार केनेथ मिलर हा जीवशास्त्रज्ञ श्रद्धावान कॅथलिक होता. वानरांना गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, माणसाला तेवीस. मग एक गेली कोठे? माणसाचे दुसरे गुणसूत्र पाहिले, तर दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लागून सांधली गेल्याच्या खुणा मध्यभागी अजून स्पष्ट दिसतात. हा पुरावा त्याने कोर्टासमोर ठेवला. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांनी केलेली होती. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, गावाने ते शाळामंडळ पाडले होते. शहरी शहाण्यांनी गावंढळांवर मिळवलेला विजय असे याला कोणी म्हणू शकणार नाही.

हे सारे परक्यांचे आहे, आपल्याकडे बायबल नाही, असे कोणी म्हणेल. २०१८ च्या जानेवारीत आपल्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातील शिक्षण खात्याच्या एका राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. वानराचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे लिहिले-सांगितलेले नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. हे गृहस्थ रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले. त्यांना अडाणी म्हणून भागणार नाही. पुढच्याच वर्षी लोकसभेत आपण ऋषींची संतती आहोत असे ते म्हणाले, तेव्हा सारा उलगडा झाला. हा कुळाचा प्रश्न आहे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आणि जीवशास्त्राचा तर तोच धंदा!

आपली आणखी एक रीत आहे, अधिक गोड. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असे बोटांवर मोजून, "हे तर आमच्या दशावतारात आहेच" असे म्हणावयाचे. असे म्हणणारे एखादे काका घरोघरी असतात, आणि फराळाच्या ताटावर त्यांच्याशी वाद घालणे जिवावर येते. पण अवतार काही कार्यासाठी येतो, ठरवून येतो. उत्क्रांतीत ठरवलेले काही नाही, आणि तिची शिडीही नाही. आहे तो फांद्याफांद्यांचा पसारा, ज्यात आपण एक डहाळी. दशावताराचे सौंदर्य वेगळे आहे. डार्विनला त्यात बसवले, की न मानताच मानल्याचे समाधान तेवढे मिळते.

नाटकाचा शेवट मात्र मला दर वेळी नाटकाच्या वर चढलेला वाटतो. ब्रेडी मेल्याची बातमी येते, हॉर्नबेक त्याची टवाळी करतो, आणि ड्रमंड, ज्याने ब्रेडीचा धुव्वा उडवला तोच, संतापून त्याला गप्प करतो. मग एकटाच राहिलेला ड्रमंड बायबल एका हातात आणि डार्विन दुसऱ्या हातात धरून तोलून पाहतो, दोन्ही ग्रंथ एकमेकांवर ठेवतो आणि बॅगेत घालून निघून जातो. लेखकांना शेवटच्या पाच मिनिटांत जे कळले, ते पहिल्या अंकात कळले असते तर ब्रेडीलाही त्यांनी एक तरी युक्तिवाद दिला असता.

उत्क्रांती नाकारणाऱ्याला हसून कोणी आजवर तिच्या बाजूला आलेला नाही. हे मान्य केले तर तुमचे काय हरवेल, असे त्याला आधी विचारावे, आणि तो सांगेल ते शांतपणे ऐकावे. त्यानंतर ते दुसरे गुणसूत्र त्याच्यासमोर ठेवावे, आणि तेही संकोच न करता. कारण आपल्या कोणाच्या भयाने त्यावरची सांध्याची खूण पुसली जाणार नाही.