चंदेरी म्हणजे धातू नव्हे!

जळगाव हे सोन्याचं गाव. त्यात मी बँकेत, खोटं नाणं आवाजावरून ओळखणारा. तरी चिरंजीवांच्या वीतभर मिग-२१वर बाजारातला चंदेरी स्प्रे मारून मोकळा झालो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे विमान की पिठाचा डबा?"

टीका रास्त होती. १:७२ मापात रंगातला कणही ७२ पट मोठा भासतो. म्हणून जाडसर चंदेरी बाद! कण बारीक हवेत. खाली चकचकीत काळा हात, वर पातळ थर; पत्र्यागणिक छटा निराळी, शेपटाशी जळकट.

एवढा खटाटोप कशाला? आपल्या ओझरला बांधलेली ही विमानं २०२५ साली निवृत्त झाली. पोराच्या वाट्याला आता फळीवरचंच मिग. निदान ते तरी खणखणीत असावं!