‘गुडबाय’चें भाषांतर

‘गुडबाय’ हा इंग्रजांच्या नित्य बोलण्यांतला शब्द मूळचा एक आशीर्वाद होय. ‘गॉड बी विद यी’, म्हणजे ‘ईश्वर तुमच्या सोबत असो’, हें वाक्य बोलतां बोलतां झिजून १६ व्या शतकाच्या उत्तरार्धांत एका शब्दावर आलें. पुढें ‘गुड डे’सारख्या वंदनांच्या संगतीनें ‘गॉड’चें ‘गुड’ झालें. देव गेला, शिष्टाचार उरला.

तेव्हां व्युत्पत्तीच्या मोहास पडून भाषांतरकारानें तेथें ‘देव तुमचें रक्षण करो’ असें लिहूं नये. सरसकट ‘येतों’ही आम्हांस मान्य नाहीं. तें निघणाऱ्यानेंच म्हणावयाचें, व त्यांत परत येण्याचें आश्वासन असतें. ‘गुडबाय’ मागें राहणाराही म्हणतो, आणि मरणशय्येवरील माणूसही.

अर्थानें सर्वांत जवळचा आपला ‘रामराम’. त्यांतलाही देव असाच झिजला आहे. आणि इंग्रज एखाद्या आशेला ‘गुडबाय’ म्हणतो, तसे आपण नोकरीला रामराम ठोकतों. मात्र तो भेटतांनाही चालतो, व लंडनच्या गृहस्थाच्या तोंडीं घातला तर त्याच्या डोक्यावर पागोटें चढतें. म्हणून निवेदनांत ‘रामराम’ खुशाल यावा. संवादांत ‘गुडबाय’ तसाच ठेवणें आम्हांस बरें वाटतें. परकें पात्र परकें दिसणें हा भाषांतराचा दोष नव्हे.