ठशांची भाषा

वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगास इंग्रजींत ‘क्लिशे’ म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच मुद्रकांचा. एकदां ओतून वाटेल तितक्या वेळां छापावयाचा ठसा, हा त्याचा अर्थ. अशा प्रयोगांचा कोशच एरिक पार्ट्रिज यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केला. परंतु शिळेपणा हा त्यांचा लहान दोष होय, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या दर्शनानें भययुक्त आदर उपजावा तें ‘ऑसम’. आज चहाचा पेलाही ऑसम! मग हिमशिखरासमोर कोणता शब्द उरला? ‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः. पण जें अक्षरशः घडलेंच नाहीं, त्यालाही तो सर्रास चिकटविला जातो. येथें हानि केवळ शब्दाची होते. ह्याहून गंभीर प्रकार जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९४६ सालच्या आपल्या निबंधांत दाखविला: निराधार खेड्यांवर बाँब टाकावयाचे आणि त्यास ‘पॅसिफिकेशन’, म्हणजे शांतता-स्थापना, म्हणावयाचें. असा आयता शब्द कानीं पडला कीं, डोळ्यांपुढें जळतें घर उभेंच राहत नाहीं. म्हणून जिभेवर आलेला शब्द क्षणभर थोपवून त्याचा अर्थ विचारण्याची संवय आम्ही नीतीचाच एक भाग समजतों.