‘टु श्रॉफ’ : एका विरळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि व्यवहार

प्रास्ताविक

इंग्रजीने भारतीय भाषांतून घेतलेल्या शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांच्या यादीवर थांबते. बंगला, पायजमा, चटणी असे शब्द सांगितले की विषय संपतो. नाम उसने घेणे तुलनेने सोपे असते. वस्तूबरोबर तिचे नावही येते. क्रियापद घेताना मात्र एक कृती आणि ती करणाऱ्यांचे परस्परसंबंधही भाषेत येतात. या दृष्टीने ‘टु श्रॉफ’ हे आज जवळजवळ विस्मृतीत गेलेले क्रियापद तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थ

मूळ अरबी ‘सर्राफ’ हा शब्द फारसीमार्गे मराठी-गुजरातीत ‘सराफ’ म्हणून रुळला. पोर्तुगीजांनी त्याचे ‘शराफो’ केले, इंग्रजांनी ‘श्रॉफ’. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात ‘श्रॉफ’ची क्रियापद म्हणूनही नोंद आहे. निरनिराळे रुपये निवडून खराब नाणी बाजूला काढणे आणि उरलेल्यांचा बट्टा ठरवून प्रमाण चलनातील किंमत निश्चित करणे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे माणसे, घोडे किंवा माहिती यांतून चांगले निवडून घेणे, असा लाक्षणिक अर्थही कोशकार देतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या क्रियापदाची गरज का पडली, हे दख्खनच्या चलनव्यवस्थेवरून स्पष्ट होते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये चालत. प्रत्येकाचे वजन व चांदीचा कस निराळा असे. १८१८ नंतर राज्य बदलले, पण बाजारातील नाणी एका दिवसात बदलली नाहीत. सराफाशिवाय खजिन्यातील भरणा मोजता येत नव्हता. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी एकसारखा रुपया आला आणि या कौशल्याची निकड हळूहळू ओसरू लागली. तथापि सोलापूरसारख्या सीमेवरील पेठेला नाण्यांतील भेद पुढेही अपरिचित नव्हता. तुळजापूर-नळदुर्गाकडे निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. विसाव्या शतकात सात हाली रुपयांस सुमारे सहा ब्रिटिश रुपये असा हिशेब होता. शहरातील ‘सराफ कट्टा’ हे नाव आज दागिन्यांच्या पेठेचे असले, तरी त्या शब्दाच्या पोटात नाणेपारखीचा हा व्यवसाय आहे.

दोन प्रकारची क्रियापदे

याच कोशात ‘डमकाउ’, ‘फूझिलो’, ‘पकरो’, ‘लगो’ अशी क्रियापदेही आढळतात. धमकाव, फुसलाव, पकड, लगाव या आज्ञार्थी रूपांशी त्यांचे नाते आहे. साहेबाच्या कानावर आणि जिभेवर आपली क्रियापदे प्रामुख्याने हुकूम म्हणून होती, हे यातून दिसते. ‘टु श्रॉफ’ मात्र हुकमातून आलेले नाही. ते जाणकाराच्या व्यवसायनामावरून घडले आहे. पहिल्या प्रकारात सत्ता बोलते, तर दुसऱ्यात सत्तेचे परावलंबन नकळत नोंदले जाते.

येथेच कोशाच्या मांडणीविषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. नामाच्या नोंदीत सराफ माणूस म्हणून उभा आहे. क्रियापदाच्या नोंदीत कृती उरते, कर्ता दिसत नाही. आणि लाक्षणिक अर्थात तर माणसे व घोडे निवडणारा सहजच साहेब होऊन बसतो. कौशल्य एकाचे, क्रियापद दुसऱ्याचे, अशी ही अदलाबदल आहे. हाँगकाँगमध्ये पुढे ‘श्रॉफ’ म्हणजे केवळ रोखपाल झाला. तेथील वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीला आजही हेच नाव आहे. पारख गेली, पैसे घेणे उरले.

मराठीची बाजू

मराठीने ‘खर्च’वरून ‘खर्चणे’ केले, पण ‘सराफ’वरून ‘सराफणे’ केले नाही. कारण उघड आहे : ‘परीक्षे’शी नाते सांगणारे ‘पारखणे’ तिच्याजवळ होतेच. नाण्यावरून माणसापर्यंत जाणारा लाक्षणिक प्रवासही मराठीने स्वतंत्रपणे केला. नावाला बट्टा लागतो, माणूस खणखणीत नाण्यासारखा असतो, सोयरीक पारखून घ्यावी लागते. सराफाच्या पेढीवरील शब्द मराठीत नीतीचे शब्द झाले.

निष्कर्ष

‘टु श्रॉफ’ इंग्रजीत रुजले नाही, कारण ज्या व्यवहाराने ते जन्मास घातले तो व्यवहारच संपला. तरीही वर्गात आदान शब्दांचा परिचय करून देताना अशी क्रियापदे घेणे उपयुक्त ठरेल. ‘इंग्रजीने आपले किती शब्द घेतले’ या प्रश्नातून अभिमानाची बेरीज होते. ‘या क्रियापदाचा कर्ता कोण होता’ हे विचारले, तर विद्यार्थ्याच्या हाती इतिहास लागतो.