समाधिलेखातील विनोद : शिळा, संहिता आणि वाचक

१

थडग्यावरील लेखाचा एक वाङ्मयप्रकार म्हणून विचार मराठी समीक्षेत फारसा झालेला नाही. याचे कारण उघड आहे. जेथे दहनाची प्रथा प्रबळ असते, तेथे प्रत्येक मृतामागे शिळा उरत नाही. आपल्याकडे समाधीवर पादुका असतात, वीरगळावर युद्धाचे आणि स्वर्गारोहणाचे शिल्प असते. पण मृताची ओळख वाटसरूला शब्दांत करून देणारा मजकूर बहुधा नसतो. ‘मृत्युलेख’ हा शब्दही वर्तमानपत्री लेखनासाठी रूढ झाला आहे. म्हणून येथे ‘समाधिलेख’ हा शब्द योजिला आहे.

इंग्रजीत या प्रकाराला दीर्घ परंपरा आहे आणि तीत विनोदी लेखांची एक स्वतंत्र शाखा आहे. विल्यम कॅमडेन याने १६०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संकीर्ण ग्रंथात समाधिलेखांना वेगळे स्थान दिले आणि गमतीच्या लेखांचाही त्यात समावेश केला. तेव्हापासून अशी संकलने निघत आली. त्यांनी हे लेख जगवले, यात शंका नाही. पण त्याचबरोबर लेख शिळेपासून सुटा केला. शिळेवरचा मजकूर पुस्तकाच्या पानावर आला, की त्याच्या भोवतीचे दफनस्थान, शेजारची थडगी आणि शिळा उभारणारी माणसे नाहीशी होतात. उरतो तो चुटका. म्हणून ‘हा लेख विनोदी आहे’ असे म्हणताना हा विनोद कोणाचा, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. तो मृताचा, शिळा उभारणाऱ्यांचा, की केवळ वाचणाऱ्याचा? प्रश्न रसास्वादाचा आहे, तसाच तो नीतीचाही आहे. कारण ज्याच्याविषयी हसावयाचे, त्याला उत्तर देता येत नाही.

२

संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. या दृष्टीने पाहिले तर विनोदी समाधिलेख ही मुळातच सदोष रचना ठरेल. परंतु आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त विरोधपरिहाराचे मार्गही सांगितले आहेत. त्यांपैकी एक येथे विशेष उपयोगी आहे : प्रधान रस नीट प्रतिष्ठित झाल्यावर विरोधी रस त्याचे अंग म्हणून आला, तर तो दोष ठरत नाही. हे सूत्र हाताशी ठेवले, तर इंग्रजी समीक्षेतील दोन महत्त्वाच्या भूमिकांकडेही नीट पाहता येते.

डॉ. जॉन्सन याने १७४० साली लिहिलेल्या निबंधात समाधिलेखाचे प्रयोजन नैतिक ठरवले : सद्गुणाचे उदाहरण टिकवून धरणे. खाजगी, सामान्य आयुष्यातील सद्गुण हा त्याला सर्वांत योग्य विषय वाटतो, आणि निबंधाच्या शेवटी तो जी उदाहरणे देतो ती गुलामांवरील ग्रीक लेखांची आहेत. वर्डस्वर्थ याने १८१० साली या विषयावर निबंध लिहिले. त्यांपैकी पहिलाच त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला. त्याची कसोटी भावनेच्या सच्चेपणाची आहे. समाधिलेख हा विद्वानांसाठी बंदिस्त केलेला मजकूर नव्हे, तो उन्हापावसात सर्वांसाठी उघडा असतो, ही त्याची भूमिका आजही मोलाची वाटते. एका उपेक्षित कोपऱ्यात त्याला दिसलेली एका दिवसाच्या अर्भकाची लहानशी शिळा, जिच्यावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा यांखेरीज काहीही नव्हते, त्याला अतिशय हृदयस्पर्शी वाटली. या सिद्धान्तात शब्दचातुर्याला संशयानेच पाहिले जाते. मग चातुर्य आणि सच्चेपणा एकाच शिळेवर नांदत असतील, तर काय म्हणावयाचे?

३

विंचेस्टर कॅथीड्रलच्या आवारातील टॉमस थेचर याची शिळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. हा उत्तर हॅम्पशर मिलिशियातील ग्रेनेडिअर शिपाई १२ मे १७६४ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, तीव्र तापाने वारला. अंग तापलेले असताना सौम्य बिअर प्याल्याने ताप आला, असे शिळा सांगते. (उन्हातून आल्याबरोबर गार पाणी पिऊ नये, असे आपल्याकडेही वडीलधारी माणसे सांगत आली आहेत, समज तोच.) यानंतरच्या चार ओळींच्या पद्याचा आशय असा, की शिपायांनो, याच्या अकाली मरणावरून शहाणे व्हा, अंग तापलेले असेल तेव्हा कडक बिअर प्या, नाहीतर पिऊच नका.

संकलनांत बहुधा हे पद्यच येते. परंतु शिळेवर पद्याच्या आधी गद्य आहे, आणि ते पूर्णपणे गंभीर आहे. सोबत्यांशी तो ज्या सद्भावाने वागला त्याच्या कृतज्ञ स्मरणार्थ त्यांनी ही शिळा स्वखर्चाने उभारली, असे त्यात नमूद केले आहे. एका साध्या शिपायासाठी साध्या शिपायांनी पदरमोड केली, हा या लेखाचा स्थायिभाव आहे. तो प्रतिष्ठित झाल्यावर हास्य येते, आणि तेही बराकीच्या भाषेत, ज्या भाषेत ही माणसे त्याच्याशी बोलत असतील त्याच भाषेत. येथे हास्य करुणाचे अंग आहे. गद्य गाळून पद्य छापले की हे अंगच अंगी होऊन बसते आणि शोक करणारे सोबती नाहीसे होतात. जॉन्सनच्या कसोटीला ही शिळा सहज उतरते, कारण तिच्यात सामान्य माणसाचा सद्गुण आणि वाचणाऱ्याला उपदेश, दोन्ही आहेत. वर्डस्वर्थच्या कसोटीलाही ती उतरावी. फक्त शोक विनोदाच्या भाषेत बोलू शकतो, हे आपल्याला मान्य करावे लागेल.

या शिळेचा पुढील इतिहासही बोलका आहे. ती जीर्ण झाल्यावर १७८१ साली छावणीच्या अधिकाऱ्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि दोन ओळींची भर घातली. प्रामाणिक शिपाई बंदुकीने मरो वा पेल्याने, त्याचा विसर पडत नाही, असा त्यांचा भाव आहे. पुढे १८०२ मध्ये आणि पुन्हा १९६६ मध्ये नवी शिळा बसवली गेली, आणि या प्रत्येक टप्प्याची नोंद शिळेवरच आहे. एखाद्या ग्रंथाच्या आवृत्त्या निघाव्यात, तशा या शिळेच्या आवृत्त्या निघाल्या. सोबत्यांच्या शोकाचा रेजिमेंटच्या परंपरेत झालेला हा प्रवास आहे, आणि त्यात विनोदाचा वाटा निश्चित आहे. केवळ गद्य असते तर चार वेळा ही शिळा कोणी उभी केली असती, असे वाटत नाही.

१९१८ साली एका तरुण अमेरिकन सैनिकाने ती वाचली. पुढे ‘अल्कोहॉलिक्स अॅनॉनिमस’ या चळवळीचा एक संस्थापक झालेल्या बिल विल्सन याने १९३९ च्या ग्रंथात, वेळीच न ओळखलेली धोक्याची सूचना म्हणून तिचा उल्लेख केला. त्याने दिलेल्या मजकुरात १७६४ आणि १७८१ या दोन्ही थरांतील ओळी एकत्र झाल्या आहेत, आणि कडक बिअर पिण्याचा सल्ला मात्र गळून पडला आहे. दारूने ज्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ घातले होते, त्याच्या स्मृतीने लेखातला विनोदच पुसून टाकला. वाचक संहितेचा अर्थ घडवतो, या विधानाला याहून ठळक पुरावा क्वचितच मिळेल.

४

याच्या उलट टोकाला माल्म्सबरी येथील हॅना ट्विनॉय हिची शिळा आहे. १७०३ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिला वाघाने मारले. ती एका सराईत मोलकरीण होती आणि वाघ फिरत्या प्राणिसंग्रहातला होता, असे परंपरा सांगते. ‘इंग्लंडमध्ये वाघाने मारलेली बाई’ म्हणून ही शिळा विचित्र समाधिलेखांच्या यादीत हमखास असते. पण लेखात विनोदाचा हेतू कोठेही दिसत नाही. ऐन उमेदीत ती हिरावली गेली, स्वतःचा बचाव करण्यास तिला अवसर मिळाला नाही, आणि आता ती पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट पाहत मातीत निजली आहे, एवढेच त्यात आहे. हसू येते ते लहान ओळी आणि बाळबोध यमके यांमुळे. अप्रशिक्षित हाताने भयंकर घटना ओबडधोबड छंदात बसवली, याचे हे हसू आहे. ते संहितेत नाही. वाचणाऱ्याच्या सुशिक्षितपणात आणि त्याच्या काळाच्या अंतरात आहे.

येथे एक सामाजिक प्रश्न उभा राहतो. अठराव्या शतकाच्या आरंभी एका मोलकरणीला पद्यासह शिळा का लाभली असेल? तिच्या कष्टांसाठी नव्हे. तिचे मरण अपूर्व होते म्हणून. सरदार-उमरावांना संगमरवरी स्तुती मरणाच्या प्रकारावर अवलंबून न राहता मिळत असे. गरिबाला दगडावर अक्षर मिळावयाचे तर बहुधा त्याचे मरण तरी चमत्कारिक असावे लागे. विचित्र समाधिलेखांच्या संकलनात सामान्य माणसे जागोजाग भेटतात, त्याचे एक कारण हेही असावे. आपण ज्याला गंमत म्हणतो, ती पुष्कळदा त्यांच्या स्मरणाची एकमेव किंमत असते.

५

उरतो प्रश्न मृताच्या ‘मी’चा. रुमानियातील सापिंत्सा या गावी स्तान इओन पात्राश (१९०८–१९७७) याने १९३५ पासून रंगीत लाकडी क्रूस कोरले. त्यांवरील पद्यांत मृत माणूस प्रथमपुरुषात बोलतो आणि दारूचे व्यसन, घरातली भांडणे हेही लपवीत नाही. ‘आनंदी दफनभूमी’ म्हणून हे ठिकाण जगप्रसिद्ध झाले. पण हा ‘मी’ मृताचा नाही. तो कोरणाऱ्याने मृताच्या तोंडी घातलेला आहे. ही कबुली आहे की गावाचा निवाडा? बहुधा दोन्ही. पात्राशने स्वतःचाही क्रूस त्याच रीतीने सिद्ध केला, म्हणून त्याच्या थट्टेला नैतिक अधिकार येतो : जो निवाडा इतरांना, तोच त्याला.

ज्याने आपला लेख आपणच रचला, त्याच्याबाबत हा पेच उरत नाही. जॉन गे (मृत्यू १७३२) याने आयुष्य ही एक थट्टा आहे, अशा आशयाचे आपले द्विपद वेस्टमिन्स्टर अॅबीत कोरवून घेतले. बेंजामिन फ्रँकलिन याने १७२८ साली, ऐन विशीत, स्वतःला जीर्ण ग्रंथाची उपमा देऊन नव्या, सुधारित आवृत्तीची आशा व्यक्त करणारा लेख रचला. तो अतिशय गाजला. पण १७९० साली तो वारला तेव्हा शिळेवर, त्याच्याच इच्छेनुसार, पतिपत्नींची नावे आणि साल एवढेच आले. विनोद कागदावर राहिला, दगडाने मौन पत्करले. मुद्रकाला या दोन माध्यमांतला भेद कळला होता, असेच म्हणावे लागेल.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९१८ साली जन्मलेला आणि पुण्यात बालपणाचा काही काळ काढलेला इंग्रजी विनोदकार स्पाइक मिलिगन २००२ साली निवर्तला. आपण आजारी असल्याचे आपण सांगितलेच होते, अशी तक्रार त्याला शिळेवर हवी होती. धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांनी ती इंग्रजीत मान्य केली नाही; आयरिश भाषेत केली. विंचेल्सी येथील शिळेवर ती तशी आहे. बहुतेक वाटसरूंना ती वाचता येत नाही, आणि ज्याला येते तो हसतो. समाधिलेख सर्वांसाठी उघडा असतो, या वर्डस्वर्थच्या तत्त्वाला ही शिळा गमतीने उलटवते.

एकूण पाहता, विनोद हा समाधिलेखाचा अंगभूत गुणधर्म नाही. शिळा उभारणारा, मृत आणि वाचक यांच्या नात्यात तो घडतो. हे नाते शाबूत असेल, तर हास्य करुणाला उणेपणा आणत नाही; उलट त्याला टिकवून धरते. ते तुटले, की उरते केवळ मरणाची नवलाई. म्हणून अशा लेखाचा अभ्यासक जे पद्य उद्धृत करील, त्याच्या आधीचे गद्यही त्याने वाचावयास हवे. शिळा कोणी, कोणाच्या पैशाने उभारली, हे बहुधा त्या गद्यातच लिहिलेले असते.