उपपत्ति कोणाजवळ?

पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं लिहिलेला ‘प्रोग्रॅमिंग अ‍ॅज थिअरी बिल्डिंग’ हा निबंध आकारानें लहान आहे. परंतु संगणकशास्त्र शिकविणारानें तो आज पुन्हा काढून वाचावा, असें मला वाटतें. नाउर मूळचे ज्योतिर्विद; पुढें आल्गोल ६० या संगणकभाषेच्या अहवालाचे संपादक झाले, व २००५ सालचें ट्यूरिंग पारितोषिक त्यांस मिळालें.

त्यांचें म्हणणें असें कीं, लिहून काढलेला मजकूर म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. अमुक भाग असाच कां, व्यवहारांतील कोणत्या गोष्टीशीं त्याचा मेळ आहे, उद्यां गरज बदलल्यास हात कोठें घालावा, याविषयीं कर्त्याच्या मनांत जी उपपत्ति तयार होते, तीच खरी निर्मिति. उदाहरण ते कंपायलरचें, म्हणजे प्रोग्रॅमचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचें, देतात. एका मंडळीनें रचलेला कंपायलर दुसऱ्या मंडळीस वाढवावयाचा होता. मजकूर, टिपणें, कर्त्यांचा सल्ला, सारें हातीं असूनहि त्यांनीं योजिलेल्या सुधारणा निव्वळ ठिगळें ठरलीं. आणि मूळ कर्त्यांच्या तें तत्काळ ध्यानांत आलें.

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आल्यापासून चालता प्रोग्रॅम विद्यार्थ्यास क्षणांत मिळूं लागला आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानें ग्रंथालयाच्या दंडाचा हिशेब करणारा सुरेख प्रोग्रॅम आणला. “सुटीचे दिवस वगळावयाचे झाल्यास कोठें बदल करशील?” असें विचारतांच तो गप्प बसला. तोंवर मीं त्यास पूर्ण गुण देऊन चुकलों होतों! आमच्या परीक्षेंत गुण मजकुरालाच आहेत.

केवळ टिपणांवरून उपपत्ति पुन्हा उभी करणें सर्वथा अशक्य, हें नाउर यांचें विधान मात्र मला अतिरेकी वाटतें. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची; तींतील रीतींच्या उपपत्ति गणेश दैवज्ञांनीं १५४५ सालीं ‘बुद्धिविलासिनी’ टीकेंत मांडल्या. मधें चारशें वर्षें गेलीं होतीं. नाउर म्हणतील, अध्ययनाची परंपरा अखंड होती. शिवाय नव्यानें उभारलेली उपपत्ति मूळचीच असेल असें नाहीं. नसेना! विद्यार्थ्यानें यंत्राचा मजकूर घेऊन टीकाकाराच्या चिकाटीनें स्वतःची उपपत्ति बसविली, तर माझी तक्रार नाहीं.

पुढील सत्रापासून मीं निम्मे गुण समोर बसवून करविलेल्या बदलास ठेविले आहेत. सत्तर मुलांस एकेकटें बोलावण्यास वेळ कोठून आणावयाचा, तें मात्र नाउर सांगत नाहींत.